रेम्ब्रांच्या एका रेखाटनाचा माग: युरोपचे डिजिटल संग्रह पहिल्यांदा धुंडाळणाऱ्यांसाठी

एका झाडाखाली चार दाढीवाले पुरुष बैठक मारून बसले आहेत. जवळ छोटे पेले आहेत, गप्पा रंगल्या असाव्यात. तपकिरी शाईची रेघ कुठे केसासारखी बारीक, कुठे दाबून ओढलेली. हे रेखाटन डच चित्रकार रेम्ब्रांचं आहे, १६५६ ते १६६१च्या दरम्यानचं, आणि सध्या ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण त्या चौघांची वेशभूषा आणि बसायची ढब सरळ मुघल लघुचित्रातून उचललेली आहे.

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गात हे चित्र मी दाखवलं तेव्हा एका काकांनी विचारलं, "म्हणजे हा हिंदुस्थानात आला होता का?" नाही. रेम्ब्रां आयुष्यात नेदरलँड्सच्या बाहेर पडला नाही. मग हे चौघे त्याच्याकडे पोचले कसे? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात माझे तीन आठवडे गेले. त्यातला निम्मा वेळ चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या शब्दांनी शोधण्यात गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हा लेख. युरोपातली संग्रहालयं, ग्रंथालयं आणि दप्तरखाने यांनी कोट्यवधी वस्तू इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. तिथे शिरायचं कसं, काय वाचायचं आणि कुठे सावध राहायचं, हे मी या एकाच चित्राच्या आधाराने सांगते.

हाताशी काय हवं

ओळखपत्र, शिफारसपत्र, फी यातलं काहीही लागत नाही. प्रत्यक्ष दप्तरखान्यात जाऊन काम केलेल्यांना या वाक्याची किंमत कळेल.

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. मोबाइलवर चित्र छान दिसतं, पण दोन चित्रं शेजारी ठेवून ताडून बघता येत नाहीत, आणि खरं काम तेच आहे.
- पानाचं भाषांतर करून दाखवणारा ब्राउझर. डच किंवा जर्मन नोंदीचं इंग्रजी भाषांतर मराठीपेक्षा बरं उतरतं, असा माझा अनुभव.
- एक ईमेल. बघायला आणि शोधायला खातं लागत नाही. आवडलेल्या वस्तू साठवायच्या असतील तरच लागतं, तेही फुकट.
- एक वही किंवा एक्सेलचा तक्ता. हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण पुढे येईलच.

१. आधी एक धागा धरा

"युरोपचा इतिहास बघू या" म्हणून बसलात तर तासाभरात डोकं भणभणतं. पन्नास हजार चित्रं समोर येतात आणि एकही लक्षात राहत नाही. त्याऐवजी एक वस्तू, एक माणूस किंवा एक प्रश्न घ्या. प्रश्न जितका लहान तितका चांगला. "डच चित्रकला" हा विषय झाला. "रेम्ब्रांकडे मुघल चित्रं कुठून आली?" हा धागा झाला.

तुमचा धागा वेगळा असेल. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची पत्रं, जुने नकाशे, लेस विणण्याचे नमुने, काहीही चालेल. फक्त तो एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भरकटायला झालं की त्या पानावर परत यायचं.

२. सुरुवात युरोपियानापासून करा, मुक्काम मात्र तिथे नको

युरोपियाना ही युरोपीय संघाच्या पैशातून चालणारी एक सामाईक खिडकी आहे. नोव्हेंबर २००८मध्ये ती सुरू झाली, आणि तिचा कारभार हेग शहरातून चालतो. हजारो संस्थांच्या मिळून पाच कोटींहून जास्त वस्तूंच्या नोंदी तिथे एकत्र शोधता येतात: चित्रं, पुस्तकं, वर्तमानपत्रं, ध्वनिमुद्रणं, चित्रफिती, त्रिमितीय प्रतिकृती.

नवशिक्यांचा पहिला गैरसमज इथेच होतो. युरोपियाना हे संग्रहालय नव्हे. वस्तू तिच्याकडे नसतात, आणि मोठ्या आकारातलं चित्रही बहुतेक वेळा मूळ संस्थेकडेच असतं. युरोपियाना म्हणजे गावोगावच्या वाचनालयांची एकत्र केलेली यादी समजा. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते यादी सांगते, पुस्तक काढायला त्या वाचनालयातच जावं लागतं.

तिथे गेल्यावर दोन वाटा दिसतात. एक म्हणजे जाणकारांनी निवडून, मांडून, त्यावर लिहून ठेवलेले विषय आणि ऑनलाइन प्रदर्शनं. दुसरी वाट म्हणजे शोधाची रिकामी चौकट. पहिले दोन-तीन दिवस पहिल्या वाटेनेच जा. एखादं प्रदर्शन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, घाई करू नका. कुठला काळ, कुठली नावं, कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात ते टिपून घ्या. हे शब्दच उद्या शोधाच्या चौकटीत कामाला येणार आहेत.

शोधताना बाजूच्या फिल्टरांचा उपयोग करा. वस्तूचा प्रकार, देश, संस्था आणि वापराची मुभा हे चार मला रोज लागतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर रेम्ब्रांचं "नाइट वॉच" हे चित्र शोधताना "नाइट" आणि "वॉच" असलेली सगळी घड्याळंही हजर होतात.

३. त्यांच्या भाषेत शोधा, आणि जुन्या शब्दांत शोधा

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया गेला. मी इंग्रजीत शोधत राहिले आणि नोंदी डचमध्ये होत्या. नोंद लिहिणारा कर्मचारी आपल्या भाषेत लिहितो. काही ठिकाणी भाषांतराची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. इंग्रजीत "नाइट वॉच" म्हणून प्रसिद्ध असलेलं चित्र डचमध्ये "नाख्टवाख्ट" आहे आणि फ्रेंचमध्ये "रोंद द न्युइ". तीन शब्दांनी तीन वेगळ्या याद्या येतात.

नेमकं स्पेलिंग मिळवायची सोपी युक्ती अशी: त्या चित्राचं किंवा माणसाचं विकिपीडियावरचं पान उघडा आणि भाषांच्या यादीतून डच, जर्मन, फ्रेंच, पोर्तुगीज पानांवर जाऊन शीर्षक उचला. विकिडेटावर तर एकाच पानावर सगळ्या भाषांतली नावं सापडतात. वहीत प्रत्येक धाग्यासाठी अशी एक शब्दसूची करा. माझ्या सूचीत डच भाषेतले चार शब्द कायम आहेत: टेकनिंग म्हणजे रेखाटन, एट्स म्हणजे अम्लरेखन (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र), प्रेंट म्हणजे छापचित्र आणि स्खिल्डरै म्हणजे रंगचित्र.

दुसरी अडचण जुन्या शब्दांची. रेम्ब्रांच्या ज्या रेखाटनाबद्दल मी बोलते आहे त्याचं इंग्रजी शीर्षक "झाडाखाली बसलेले चार ओरिएंटल्स" असं आहे. "मुघल" हा शब्द शीर्षकात नाहीच! शीर्षकं अनेकदा चित्रकाराने दिलेली नसतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या सूचीकाराने दिलेली असतात, आणि त्यात त्या काळची दृष्टी असते. आज आपल्याला खटकणारे शब्दही शोधात टाकून बघावे लागतात. "मोगोल", "मूर", "ओरिएंटल", "ईस्ट इंडियन" असे सगळे प्रकार करून बघा.

"नाख्टवाख्ट"चंच बघा. ते रात्रीचं चित्र नाहीच. वरचं रोगण काळवंडत गेलं आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव चिकटलं. चित्र आहे कॅप्टन फ्रान्स बानिंक कॉक याच्या नागरी पथकाचं, १६४२ सालचं. ते ज्या राइक्सम्युझियममध्ये आहे तिथल्या औपचारिक शीर्षकात त्या पथकाचं आणि कप्तानाचं नाव आहे.

४. चित्राखालची नोंद अक्षरन् अक्षर वाचा

चित्र बघून पुढे जाणारा पाहुणा असतो. नोंद वाचणारा त्या घरचा होतो. प्रत्येक वस्तूखाली कर्ता, काळ, माध्यम, माप, नोंदक्रमांक आणि ती वस्तू संग्रहात कशी आली याचा तपशील असतो. तिथे थांबा.

नोंदक्रमांकापासून सुरू करू. आपल्या रेखाटनाचा ब्रिटिश म्युझियममधला क्रमांक आहे १८९५,०९१५.१२७५. हा क्रमांक वाचता येतो. १८९५ हे वर्ष, ०९१५ म्हणजे सप्टेंबरची १५ तारीख, आणि त्या दिवशी नोंदलेल्या गठ्ठ्यातली १२७५वी वस्तू. म्हणजे १८९५च्या सप्टेंबरमध्ये एकगठ्ठा हजारभर वस्तू आल्या होत्या. नोंदीत पुढे नाव सापडतं जॉन माल्कम याचं.

आपण महाराष्ट्रातली माणसं इथे हमखास फसतो. जॉन माल्कम म्हटलं की मुंबईचा गव्हर्नर आणि महाबळेश्वरची माल्कम पेठच आठवते. मीही आनंदाने वहीत तसं लिहून मोकळी झाले होते. पण हा माल्कम वेगळा, स्कॉटलंडमधल्या पोल्टालोखचा जमीनदार आणि संग्राहक. गव्हर्नर माल्कम १८३३ सालीच वारला होता. एकाच नावाची माणसं ओळखायची असतील तर जन्म-मृत्यूची वर्षं बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

आता कर्त्याच्या नावाआधीचे छोटे शब्द. यांनी अर्थ पूर्ण पालटतो. "अॅट्रिब्युटेड टू" म्हणजे त्या चित्रकाराचं असावं असं मानतात, खात्री नाही. "वर्कशॉप ऑफ" म्हणजे त्याच्या कारखान्यात, शिष्यांच्या हातून झालेलं. "सर्कल ऑफ" म्हणजे त्याच्या आसपासच्या कुणाचं तरी. आणि "आफ्टर", डचमध्ये "नार", म्हणजे त्याचं चित्र बघून दुसऱ्याने केलेलं. "आफ्टर रेम्ब्रां" याचा अर्थ "रेम्ब्रांच्या नंतरच्या काळातलं" असा लावून लेख लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत.

काळापुढे "सर्का" किंवा डचमध्ये "ऑमस्ट्रेक्स" असेल तर तो अंदाज समजा. आपल्या रेखाटनाला १६५६ ते १६६१ असा पट्टा दिला आहे. कुणी बेधडक "१६५६मध्ये काढलं" म्हणत असेल तर त्याला कशावरून ते विचारा.

माध्यमाचा रकानाही सोडू नका. रेम्ब्रांने मुघल चित्रांवरून केलेली ही आणि अशी इतर रेखाटनं आशियाई कागदावर आहेत, बहुतेक जपानी. डच ईस्ट इंडिया कंपनीची नागासाकीजवळच्या देशिमा बेटावर वखार होती, तिथून हा कागद ॲम्स्टरडॅमला येत असे. म्हणजे हिंदुस्थानी चित्र, जपानी कागद आणि डच हात! हे सगळं त्या एका रकान्यामुळे कळलं.

५. मग मूळ संस्थेच्या पानावर जा आणि जवळून बघा

युरोपियानाच्या नोंदीत मूळ संस्थेच्या पानाचा दुवा असतो. तिथे जा. चित्राचा आकार, जुन्या मालकांची साखळी, अभ्यासकांची टिपणं हे सगळं तिथे जास्त असतं. ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम या बाबतीत फार उदार आहे. त्यांनी २०१२ सालीच सव्वा लाख चित्रं उत्तम दर्जात खुली केली आणि नंतर ती संख्या वाढतच गेली. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गालिका हे डिजिटल ग्रंथालय १९९७पासून चालू आहे. जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, वर्तमानपत्रं यांसाठी तिथे जा. स्वित्झर्लंडमधली मध्ययुगीन हस्तलिखितं इ-कोडिसेसवर आहेत.

जवळून बघणं म्हणजे काय, हे समजायला एक संध्याकाळ "नाख्टवाख्ट"ला द्या. राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२मध्ये त्याची ७१७ अब्ज पिक्सेलची प्रतिमा प्रसिद्ध केली. ८,४३९ छायाचित्रं एकमेकांना जोडून ती बनवली आहे आणि दोन बिंदूंमधलं अंतर एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं आहे. मूळ चित्र जवळजवळ पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. त्यात डावीकडे उजेडात एक लहान मुलगी आहे. तिच्या कमरेला बघा, एक मेलेली कोंबडी उलटी लटकते आहे. आणखी जवळ गेलात की कोंबडीचे पंजे दिसतात. तो पंजा हे त्या पथकाचं चिन्ह होतं. भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहून हे इतकं दिसत नाही, दोरीपलीकडूनच बघावं लागतं.

चित्र आज आहे तेवढंच मूळचं असेल असंही धरू नका. १७१५मध्ये ते नगरभवनात हलवलं तेव्हा जागेत बसेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. डावीकडची काही माणसं तेव्हाच गेली. गेरिट लुंडेन्स या चित्रकाराने आधीच केलेली छोटी नक्कल उरली, म्हणून मूळची मांडणी आपल्याला ठाऊक आहे.

आता आपल्या धाग्याकडे. लंडनचं रेखाटन एका टॅबमध्ये उघडं ठेवा. दुसऱ्या टॅबमध्ये राइक्सम्युझियमच्या साइटवर रेम्ब्रांचं १६५६चं अम्लरेखन शोधा: अब्राहम देवदूतांचं आतिथ्य करतो, ही बायबलमधली कथा. पाहुणे जमिनीवर बैठक मारून बसलेले! युरोपीय चित्रांत या प्रसंगात सहसा मेज असतं, आसनं असतात. इथे मात्र सतरंजीवर पंगत बसावी तसे ते बसले आहेत. दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर बैठकीची ठेवण कुठून आली ते सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. चित्रं जमा करून दाखवणाऱ्या भलत्याच साइटवरून प्रतिमा घेऊ नका. मी तशी एक घेतली होती, ती आरशातल्यासारखी उलटी निघाली, आणि आमच्या वर्गात त्यावर अर्धा तास बोलून झाल्यावर ते लक्षात आलं. एका विक्रेत्याच्या साइटवर तर मी पैसेही मोजले. तेच चित्र संग्रहालयाच्या पानावर फुकट आणि चौपट मोठं होतं.

६. चित्राकडून कागदाकडे

चित्रं पुरेशी नाहीत. रेम्ब्रांकडे मुघल चित्रं होती याचा पुरावा कागदात शोधावा लागतो, आणि तो कागद आहे.

रेम्ब्रांने १६३९मध्ये ॲम्स्टरडॅमला १३,००० गिल्डरला (हे तेव्हाचं डच चलन) घर घेतलं आणि ते कर्ज त्याला झेपलं नाही. १६५६मध्ये त्याचं दिवाळं निघालं. २५ आणि २६ जुलै १६५६ला शहराच्या अधिकाऱ्यांनी घरातल्या वस्तूंची खोलीवार यादी केली. ३६३ नोंदी आहेत. ती यादी ॲम्स्टरडॅमच्या नगर दप्तरखान्यात आजही आहे. चित्रांच्या संग्रहाच्या खोलीत रोमन सम्राटांचे पुतळे, शिंपले, जपानी शिरस्त्राण अशा वस्तूंच्या गर्दीत २०३ क्रमांकाला एक चोपडी नोंदली आहे: "विलक्षण लघुचित्रांनी भरलेली". ही मुघल चित्रांची चोपडी असावी असं अनेक अभ्यासक मानतात. यादी करणाऱ्याने "मुघल" असं लिहिलेलं नाही, त्यामुळे "असावी" हा शब्द मी गाळत नाही, तुम्हीही गाळू नका.

पुढचा दुवा १७४७चा. लंडनमधल्या जोनाथन रिचर्डसन या चित्रकार-संग्राहकाच्या संग्रहाच्या लिलावात रेम्ब्रांच्या हिंदुस्थानी रेखाटनांची चोपडी विकली गेली. संख्या लिहिली आहे २५. त्यानंतर ती पानं विखुरली. काही लंडनला, काही ॲम्स्टरडॅमला, काही पॅरिसला, काही अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात. प्रत्येक ठिकाणच्या नोंदीत "रिचर्डसन" हे नाव शोधत गेलात की एकाच चोपडीची फाटलेली पानं परत जुळवल्याचा आनंद मिळतो. माझ्या तीन आठवड्यांतला सगळ्यात सुंदर दिवस तो होता.

कागदपत्रांत शिरताना तीन गोष्टी माहीत हव्यात.

*अक्षर.* सतराव्या शतकातलं डच हस्ताक्षर आजच्या डच माणसालाही वाचता येत नाही. आपल्याकडे मोडीचं जे आहे तेच. मोडी शिकलेल्यांना ठाऊक आहे की आधी लेखकाच्या सवयी ओळखाव्या लागतात, मग अक्षरं लागतात. ट्रान्सक्रिबस नावाचं साधन जुनी हस्ताक्षरं संगणकाकडून वाचून घेतं, थोडा वापर फुकट करता येतो. ॲम्स्टरडॅमच्या दप्तरखान्याने नोटरींच्या कागदांसाठी स्वयंसेवक आणि संगणक अशी दोघांची मदत घेतली आहे. संगणकाच्या वाचनात चुका असतात, म्हणून मूळ पानाची प्रतिमा नेहमी शेजारी ठेवा.

*नावं.* इथे मराठी माणसाला सोपं जातं. रेम्ब्रांचं पूर्ण नाव रेम्ब्रां हार्मेन्सझोन व्हान रैन. हार्मेन हे वडिलांचं नाव, झोन म्हणजे मुलगा. आपलं मधलं नाव जसं, अगदी तसंच. कागदात ते बहुधा तोडून "हार्मेन्स" एवढंच लिहितात. कुटुंबनाव न लिहिलेली नोंदही असते, तेव्हा फक्त आडनावाने शोधून निराश होऊ नका.

*तारखा.* युरोपात एकाच दिवशी दोन तारखा चालू होत्या. हॉलंडने १५८२-८३मध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, इंग्लंडने १७५२मध्ये, रशियाने तर १९१८मध्ये. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. शिवाय इंग्लंडचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून इंग्रजी कागदावरचा फेब्रुवारी १६७३ हा आपल्या हिशेबाने १६७४ असू शकतो. हे आपल्यालाही लागू आहे. रायगडावरच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. त्याच दिवसाच्या डच कागदावर १६ जून सापडेल.

७. डाउनलोड करण्याआधी परवाना बघा

कॉपीराइटचा साधा नियम: युरोपात कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं. रेम्ब्रां १६६९मध्ये वारला, तेव्हा त्याच्या चित्रावर कुणाचाही हक्क उरलेला नाही. पण चित्राच्या छायाचित्राचं काय? युरोपीय संघाच्या २०१९च्या कॉपीराइट निर्देशानुसार, मुक्त झालेल्या दृश्यकलाकृतीची हुबेहूब प्रतिमा काढली तर त्या प्रतिमेवर नवा कॉपीराइट लागत नाही. तरी प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या असतात.

राइक्सम्युझियमची मुक्त चित्रं छापा, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घ्या, कॅलेंडर काढा, चालतं. गेटीच्या खुल्या संग्रहाचंही तसंच. ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिमा मात्र सहसा अशा परवान्यावर असतात की नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका आणि पुढे देताना हीच अट ठेवा. म्हणजे एकाच चोपडीतून सुटलेल्या दोन पानांना दोन नियम! वाचनालयातल्या विनामूल्य वर्गात लंडनचं रेखाटन दाखवायला हरकत नाही. तेच दिवाळी अंकात छापायचं असेल आणि अंक विकणार असाल तर आधी परवानगी काढा.

युरोपियानावर वापराच्या मुभेचा फिल्टर आहे तो यासाठीच. प्रत्येक नोंदीखाली छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून अट वाचा.

८. टिपण त्याच दिवशी ठेवा

साइटी बदलतात. एका मोठ्या संस्थेने पानांचे पत्ते बदलले तेव्हा माझ्या साठवलेल्या चाळीसएक लिंका एका रात्रीत मेल्या. ज्या वस्तूंचा नोंदक्रमांक मी लिहून ठेवला होता त्या पाच मिनिटांत परत सापडल्या. बाकीच्या काही अजून सापडलेल्या नाहीत.

म्हणून प्रत्येक वस्तूसाठी तक्त्यात एवढं लिहाच: संस्थेचं नाव, नोंदक्रमांक, शीर्षक जसंच्या तसं, कर्ता आणि त्यापुढचे "आफ्टर"सारखे शब्द, काळ, परवाना, आणि आपण ते कुठल्या तारखेला पाहिलं. फाइल साठवताना तिचं नाव "इमेज १२" असं ठेवू नका, नोंदक्रमांकच द्या. स्क्रीनशॉट काढायचाच असेल तर नोंदीसकट काढा.

९. तुमच्या गावाचा धागा असेल तर

बऱ्याच जणांना शेवटी आपल्याकडचं काही सापडतं का हे बघायचं असतं, आणि ते सापडतं. डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. कंपनीचं दप्तर हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे, आणि ग्लोबलाइज या प्रकल्पाने त्यातली सुमारे ५० लाख पानं संगणकाकडून वाचून घेऊन शोधता येतील अशी खुली केली आहेत. वेंगुर्ल्याचं डच स्पेलिंग "विंगुर्ला" असं उच्चारलं जाईल असं आहे. शिवाजी महाराजांचं नाव "सेवागी", "सिवागी" अशा वळणांनी येतं, आणि एकाच पत्रात दोन वळणं दिसली तरी आश्चर्य वाटू देऊ नका. गोव्यावर काम करणाऱ्यांनी लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु दप्तरखान्याच्या सूचीपासून सुरुवात करावी. ब्रिटिश म्युझियममध्ये महाराजांचं दख्खनी शैलीतलं, १६८०च्या दशकातलं चित्रही आहे. त्याची नोंद चौथ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे वाचा.

राहिला शेवटचा प्रश्न: त्या चौघांचं मूळ चित्र कुठे आहे? व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेझा राणीचा एक दिवाणखाना आहे, त्याला "मिलियन रूम" म्हणतात. भिंतींना शिसवी लाकडाच्या फळ्या आणि त्यात सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी. त्या चौकटींत बसावीत म्हणून मुघल लघुचित्रं कापून, एकमेकांना जोडून चिकटवली आहेत. त्यांतल्या एका चित्राशी अभ्यासक रेम्ब्रांच्या रेखाटनाचं नातं जोडतात. चौकट शोधायला वेळ लागेल, कारण खोलीच्या छायाचित्रांत ती चित्रं फार लहान दिसतात. लंडनचं रेखाटन डावीकडच्या टॅबमध्ये उघडं असू द्या. आधी झाड शोधा, मग दाढीवाले चौघे.